शकूच्या फ्रेममधला जादा एल

आमच्या घरात भरतकाम फक्त मला येत होतं, आणि गावच्या हायस्कुलात इंग्रजीही मीच शिकवत होतो. यातली एकच गोष्ट गावाला माहीत होती. दुसरी मी पंचवीस वर्षं पोटात ठेवली. आता पन्नाशी आली, पोटाची इतर दुखणीच पुष्कळ झाली, म्हणून एकदाची सांगून टाकतो.

भरतकाम मी हौसेनं शिकलो नाही. कॉलेजात असताना सायकलवरून पडून पाय मोडला, तीन महिने प्लास्टरात होतो. शेजारच्या काकूंनी ‘रिकामं डोकं बरं न्हाई’ म्हणत हातात सुई दिली. पाय बरा झाला, सुई सुटली नाही. दर रविवारी दुपारी मी दार लावून ‘पेपर तपासायला’ बसायचो. (मास्तर पेपर फार बारकाईनं तपासतात, असा गावात माझा लौकिक होता.)

माझी धाकटी बहीण शकू हिचं सुईशी वैर. काष्टीजवळच्या आमच्या गावी आमची पिठाची गिरणी होती. तिचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करावं ते शकूनंच. पट्टा घसरला की चालत्या गिरणीतही ती असा चढवायची, की दळण घेऊन आलेल्या बाया डोळे मिटून घ्यायच्या. आम्हा बापलेकांना ते इंजिन जुमानत नसे.

बाहत्तर सालच्या दुष्काळात आमच्या मामांनी तिच्यासाठी श्रीरामपूरकडचं स्थळ आणलं. घर चांगलं, मुलगा बी. ए. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, आणि शकू एकविसाची होऊन गेली होती. आई नवस बोलून बसली. तेवढ्यात मामा म्हणाले, ‘‘मी सांगून आलोय, पोरीच्या हातात लई कला हाय म्हणून. भरतकाम बघायचंय त्यांना.’’

त्या काळी मुलगी पाहायला आलेल्यांना मुलीच्या आधी भिंत दाखवायची रीत होती. भिंतीवर काचेच्या फ्रेमा, फ्रेमांत मुलीनं भरलेले मोर, पोपट, गुलाब. आमच्या भिंतीवर गिरणीचं लायसन होतं.

‘‘भर आता काहीतरी,’’ आई शकूला म्हणाली. शकूनं तासभर खपून कापड स्वतःच्या पदराला शिवलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

‘‘त्यात इंग्रजी पायजे बरं का,’’ मामा म्हणाले. ‘‘पोराचे चुलते इंग्रजीचे मास्तर हायेत.’’

मी दोन पोपट भरले आणि त्यांच्यामध्ये, एका पोपटाच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या शेपटीपर्यंत, ‘होम ब्यूटिफुल’. आता कबूल करतो, ब्यूटिफुलच्या शेवटी मी दोन एल घातले. जागा उरली म्हणून नव्हे. दोनच असतात, अशी माझी खात्री होती. चार वर्गांना मी तसंच शिकवलं होतं. शिवाय उजवा पोपट शेपटीपर्यंत भरून झाल्यावर दोरा शिल्लक होता. तो न तोडता मी तसाच शेवटच्या एलात वापरला. दुष्काळाचं वर्ष, काहीच वाया घालवायचं नव्हतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि चुलते. आईनं गुळाचा चहा दिला. चुलत्यांनी भिंतीकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘‘हे कुणी भरलं?’’

‘‘पोरीनं,’’ मामा म्हणाले. ‘‘सोताच्या मनानं.’’

‘‘यात एक एल जास्त आहे.’’

चुलते शांतपणे समजावू लागले, ‘‘फुल एकटा असला, म्हणजे भरलेला, तर दोन एल. पण दुसऱ्या शब्दाच्या शेपटीला चिकटला की एक एल गळतो. ब्यूटिफुल, युजफुल, केअरफुल, सगळ्यांचं तेच.’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘तुम्ही इंग्रजी शिकवता ना? तुमच्या लक्षात नाही आलं?’’

आणि मी, सख्खा भाऊ, म्हणालो, ‘‘आलं होतं. पण पोरीचं मन कशाला मोडायचं, म्हणून बोललो नाही.’’

शकूनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. इंजिन सुरू करण्याआधी हँडलकडं पाहायची, तसं.

इथंच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण चुलत्यांमधला मास्तर जागा झाला होता. ‘‘चूक होतेच. ती दुरुस्त करता आली पाहिजे. पोरी, तेवढा एल उसवून दाखव.’’

फ्रेम उतरवली, काच काढली. शकूनं कात्री पाना धरावा तशी धरली. मग ती बाजूला ठेवली, दोऱ्याचं टोक चिमटीत पकडलं आणि हँडलला देतात तसा हिसका दिला.

एल गेला. एलमागून पोपटाची शेपटी गेली. साखळी टाका एकदा सुटला की थांबत नाही. शकू घाबरून आणखी ओढत राहिली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो पोपट पोटापर्यंत, मग मानेपर्यंत विरघळत गेला. शेवटी कापडावर एक चोच राहिली. मामा ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. दुष्काळात पाणी प्यायला माणूस किती लांब जातो, ते तेव्हा कळलं.

मुलाच्या आईनं हात पुढं केला. कापड उलटं करून मागचे टाके पाहिले, अंगठ्यानं चाचपले.

‘‘ह्यो डावखुऱ्याचा हात हाय,’’ त्या म्हणाल्या.

त्यांनी शकूच्या हातांकडं पाहिलं. मग त्यांची नजर एकेकावरून फिरत माझ्या कपावर थांबली. कप माझ्या डाव्या हातात होता. मी तो झटकन उजव्या हातात घ्यायला गेलो, आणि सगळा चहा चुलत्यांच्या धोतरावर.

अण्णा, आमचे वडील, जमिनीकडं असे पाहत होते, जणू तिथं पाणी लागेल.

मग शकूच बोलली. ‘‘मावशी, मला सुई धरता येत न्हाई. हे दादानं भरलंय. मी गिरणी चालवती.’’

‘‘कुठली गिरणी?’’

‘‘ही मागची. इंजिनावरची.’’ तिनं हात पुढं केले. नखांत काळं ऑइल होतं. ‘‘सकाळीच पट्टा घसरला हुता.’’

आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या मनात आलं, एका एलपायी बहिणीचा जन्म गेला.

मुलाच्या आईनं ती नखं निरखली. ‘‘आमच्या हिरीवर बी इंजिन हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घरात दोन बी. ए. एकालाबी ते चालू करता येत न्हाई.’’ मुलानं मान खाली घातली. ‘‘पोरगी पसंत हाय. पर मी सोयऱ्यांना भरतकामाचं सांगून बसलेय. तवा ह्यातलं भाईर काई जाऊ द्यायचं न्हाई. आन् लग्नापत्तुर दुसरी फ्रेम पायजे. भावानंच भरायची.’’

‘‘एका एलची,’’ धोतर पिळत चुलते म्हणाले.

सोमवारी मी चारही वर्गांत जाऊन सांगितलं, ब्यूटिफुलला एकच एल. मागच्या बाकावरचा एकजण उठला. ‘‘सर, बुधवारी तुमी दोन म्हनला हुता.’’ मी म्हणालो, ‘‘टंचाई आहे. एकातच भागवायचं.’’ पोरांनी निमूटपणे एकेक एल खोडला.

लग्न झालं. शकूनं सासरचं इंजिन पहिल्याच आठवड्यात ताळ्यावर आणलं. पण मी चूक तिच्यावर ढकलली, हे मला सुईसारखं टोचत राहिलं. गेल्या महिन्यात तिच्याकडं गेलो. सासूबाई वारून दोन वर्षं झाली आहेत. माझी फ्रेम अजून भिंतीवर आहे, दोन्ही पोपट शाबूत. मी हिय्या करून म्हणालो, ‘‘शकू, त्या दिवशी मी तुझ्यावर ढकललं. मला माफ कर.’’

‘‘ते कवाच इसरले मी,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या सासूबाई मातर न्हाई इसरल्या. पार शेवटपत्तुर तुजी अब्रू सांभाळली त्यांनी.’’

‘‘माझी?’’

‘‘मग? कुनी इचारलं ना, सुनंचा भाऊ हायस्कुलात काय शिकवतो, की त्या सांगायच्या, शिवण.’’