गच्चीतल्या हळदीकुंकवात आमची कुत्री

मुलगा परदेशी नोकरीला गेला आणि त्याची कुत्री जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आली. शेटलंड शीपडॉग जातीची. मांजरापेक्षा थोडी मोठी, अंगभर लांब केस. मेंढ्या राखायची जात, एवढं मुलगा सांगून गेला होता. मेंढ्या नसल्या तर ती काय करते, हे मी विचारलं नाही.

सोलापूरच्या उन्हात तिचे केस कापून टाकावेत, असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, कापले तर ऊन थेट कातडीला लागेल, नुसते विंचरत जा. मग दुपारभर कूलर आणि पहाटे फिरणं, असं बसवलं. स्वभावानं लाघवी. फक्त घरात कुणी उठून चालायला लागलं की मागून फिरून त्याला परत जागेवर आणायची. आम्ही कौतुकानं हसायचो.

संक्रांतीनंतर इमारतीच्या गच्चीवर हळदीकुंकू होतं. मी दार उघडलं आणि ती पायांतून निसटून वर पळाली. धापा टाकत पोचले, तर सगळ्या बायका पाण्याच्या टाकीपाशी कोंडाळं करून उभ्या. ती भुंकत त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होती. तळमजल्यावरच्या आजी बाहेर पडायला निघाल्या, तशी तिनं त्यांची टाच धरली. आजी भिंतीवर रेलल्या. हातातलं तिळगुळाचं ताट सांडलं.

मी तिला उचललं. आजींची सून हळू आवाजात म्हणाली, "शाळेत एवढी पोरं सांभाळलीत ना तुम्ही? एक कुत्रं आवरत नाही?"

मी कुत्रीला काखेत घट्ट धरून खाली वाकले आणि आजींची टाच बघितली.

कुत्रीला लस दिलेली होती, तरी आजींना रिक्षानं दवाखान्यात नेलं. टाचेवर ओरखडा होता. डॉक्टरांनी तो धुऊन इंजेक्शन दिलं. परत येताना मी पुन्हा माफी मागितली.

"मला काय लई लागलं न्हाय," आजी म्हणाल्या. "पण माझ्या जागी लहान लेकरू असतं तर गं?"

तेव्हापासून रोज पहाटे मैदानावर लांब दोरीला बांधून तिला थांबायला शिकवते, चेंडूमागे दमवते. आता कुणी उठलं की ती आधी माझ्याकडे बघते.

पुढच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं आलं. एकटीच गेले. आजींनी विचारलं, "तिला न्हाय आणली व्हय?" सगळ्या हसल्या, सूनसुद्धा. माझे कान तापले. वाण घेतलं आणि बसायला कुणी म्हणायच्या आत जिना उतरले.