गाडीचं बिऱ्हाड हललं

शिंपीमास्तरांची बायको रविवारी सकाळी मास्तरांचीच गाडी घेऊन पळून गेली, ही बातमी आमच्या गल्लीत चहा गाळून व्हायच्या आत पसरली. कोपऱ्यावरच्या मावशींनी गॅलरीतून सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे विटकरी रंगाची, घसा बसल्यासारखी गुरगुरणारी बुटकी गाडी. आत मास्तरीणबाई, केस मोकळे. मागे अनवाणी धावणारे मास्तर, गळ्यात मापाची फीत. त्यांच्याही मागे बाईंचा सख्खा भाऊ, हातात दोरखंड!

"दोरखंड कशाला असेल हो?" असं मावशी ज्याला त्याला विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या, "बांधून आणायला! दुसरं कशाला?" दुपारपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर एक परका पुरुषही येऊन बसला. त्या गाडीला मागची सीटच नाही. पण मावशींच्या गोष्टीत सगळं मावतं.

तर हे मास्तर म्हणजे ताडमाड माणूस. दुकानाच्या दारातून आत जाताना आपोआप वाकायची सवय लागलेली. दुसऱ्याचा कोट असा शिवतील की बेढब माणूसही आरशासमोरून हलायचा नाही. स्वतःच्या शर्टाच्या बाह्या मात्र कायम मनगटाच्या वर. आपलं माप आपण घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. "फीत बघायला मान वाकवली की माप चुकलंच," म्हणायचे. आणि दुसऱ्या शिंप्याकडे माप द्यायला जायचं, तर तिथे इभ्रत आडवी यायची. मग अंदाजाने कापायचे, आणि अंदाज नेहमी आखूड.

अशा माणसाला गाडीचं वेड लागलं. भंगारवाल्याकडून एका जुन्या मोटारीचा सांगाडा उचलून आणला आणि जाहीर केलं की याची हॉट रॉड करणार. म्हणजे काय, तर दांडगं इंजिन बसवायचं, मागे रुंद चाकं घालायची, छप्पर कापून बुटकं करायचं आणि आवाज मात्र मोठा ठेवायचा. "आजोबांच्या कोटातून नातवाला जाकीट शिवतो ना, तसंच," मास्तर समजावून सांगत. ज्यांना समजायचं नाही, त्यांच्या पँटला उशीर व्हायचा.

हे सगळं चाले दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत. गाडीची एक बाजू भिंतीला टेकलेली, दुसऱ्या बाजूला कापडाचे गठ्ठे. दार उघडायचं जेमतेम वीतभर. मास्तर काम करायचे ते खाली झोपून, नाहीतर काचेच्या रिकाम्या चौकटीतून हात घालून. आत शिरून बसणं जमायचं एकट्या मास्तरीणबाईंना. बाई चणीने लहान, आणि लाँड्रीची व्हॅन चालवतात, त्यामुळे पायांना सवय. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची असली की गाडीखालून हुकूम सुटायचा.

"दाब! धर! सोड! दाब!"

"अहो, तुमचं शिवणाचं मशीन नाहीये हे. दमले मी."

"अगं, शेवटचं एकदा."

"मगाचंही शेवटचंच होतं."

छप्पर किती कापायचं हे ठरवायला सीटवर कोणीतरी बसलेलं हवं होतं. बाई बसल्या. मास्तरांनी बाहेरून फीत लावली, डोक्याच्या वर चार बोटं सोडली, शिंप्याच्या खडूने खांबांवर रेघ मारली आणि कटर चालवला. अगदी बेतशीर काम. सांधा कुठे जोडलाय ते बोट फिरवूनही कळत नाही.

मग तीन गल्ल्या सोडून नवं घर मिळालं. मागे प्रशस्त शेड, पूर्वी तिथे सुतारकाम चालायचं. उंच छत, वरून उजेड, दोन फळ्यांचा रुंद दरवाजा, आणि इंजिन उचलायची साखळी टांगायला भक्कम तुळई. मास्तरांनी घर बघताना स्वयंपाकघरात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. थेट शेडमध्ये गेले आणि जमिनीवर खडूने सगळं आखलं. इथे गाडी, इथे वेल्डिंग, इथे ड्रिल.

"आणि मी?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी कोपऱ्यात एक गोल काढला. "हे तुझं स्टूल. बसून बघायचं मस्त."

"बघायचं होय?" एवढंच म्हणून बाई भांडी बांधायला गेल्या.

सामान हललं. राहिली गाडी. इंजिन तोवर जागेवर धडधडायचं, पण गाडी हातभरही चाललेली नव्हती. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, माझा टेम्पो आहे, दोरी बांधू आणि ओढून नेऊ."

मास्तर चिडले. "मेलेलं जनावर आहे का ओढत न्यायला? माझी गाडी नव्या घरात स्वतःच्या इंजिनावर जाईल. दोरी लागली, तर त्याच दिवशी भंगारात परत!"

भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांसमोर बोलले. आता तोंडातून गेलेला शब्द काही उसवता येत नाही. मेव्हणा रविवारी दोरखंड घेऊन हजर, गालातल्या गालात हसत.

सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत उजेडात आणली. तिचं दार पहिल्यांदाच सताड उघडलं. मास्तर ऐटीत आत बसायला गेले आणि डोकं छपराला ठाणकन आपटलं. वाकून शिरले, तर हनुवटी छातीला टेकली. समोर रस्ता दिसेना, स्वतःचेच गुडघे दिसायला लागले.

"भावोजी, रस्ता कसाय?" मेव्हण्याने खिडकीतून विचारलं.

"गप बस."

"बरं, मी बसतो." मेव्हणा बसायला गेला, तर पोट आणि स्टिअरिंग यांचं जमेना. शेवटी तो गाडीला बांधायला दोरखंडाची गुंडाळी सोडू लागला. मास्तरांचा चेहरा पार उतरला. इतक्या वर्षांची गाडी, आणि जाणार ती भंगारात, तेही स्वतःच्या जिभेपायी.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "व्हा बाजूला."

पदर खोचला, आत बसल्या, आणि कुणी काही सांगायच्या आत चोक ओढून किल्ली फिरवली. गाडीने एक खाकरा काढला आणि निघाली! बाईंचा अंबाडा पहिल्याच वळणावर सुटला. "हळू! अगं, हळू!" ओरडत मास्तर मागे धावले, एक चप्पल दुकानाशी, दुसरी गटाराशी. दोरी टाकून द्यायचंही मेव्हण्याला सुचलं नाही. मावशींनी पाहिलं ते हे.

मास्तर धापा टाकत शेडमध्ये पोचले, तेव्हा इंजिन बंद करून बाई आत शांत बसल्या होत्या. चारही चाकं खडूच्या रेघेत. मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली, छपरावरून हात फिरवला आणि कोपऱ्यातल्या गोलात ठेवलेल्या स्टुलावर जाऊन बसले.

"छप्पर पुन्हा उंच करायचं का?" बाईंनी विचारलं.

"फिटिंग इतकं छान बसलंय," मास्तर म्हणाले, "उसवणार कोण?"

हल्ली बाई गाडी बाहेर काढतात, तेव्हा मास्तर शेजारची सीट काढून गाडीच्या तळावरच गादी टाकून बसतात. बाहेरून नुसतं नाक दिसतं.

परवा मी मास्तरीणबाईंना सरळच विचारलं. त्यांनी सरळच सांगितलं. पळून कोणी गेलं नव्हतं. छप्पर आपल्या मापाचं होतंय आणि नवरा त्यात मावणार नाही, हे त्यांना फीत लावली त्याच दिवशी कळलं होतं. त्या बोलल्या नाहीत, कारण गाडी त्यांना चालवायची होती.