गट नंबर बारा मे

नेऱ्याच्या कैलासने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. शेताच्या कडेला भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि ‘बोलका’ सांभाळला. खोल्यांत भाडेकरू राहतात. बोलक्यात नुसता मनस्ताप राहतो.

बोलका म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. मुक्त आहे, कुणीही घ्यावा, आतलं उघडून पाहावं, बिघडलं तर दुरुस्त करावं. सांभाळणारे पाच जण, पाचही बिनपगारी. आणि बिनपगारी माणसाच्या अंगात भांडायची जी ताकद असते, ती पगारदाराला कुठली?

जवळच्या माले गावच्या सेवा केंद्रात गौतमी बसते. तिला जन्मापासून दिसत नाही. बोलका वाचतो, ती ऐकते आणि लोकांचे अर्ज भरते. पण दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ दिसली की बोलक्याला ती तारीखच वाटते. म्हातारे गेणबा जमिनीचा कागद घेऊन आले, गट नंबर १२/५. बोलका खणखणीत आवाजात म्हणाला, “गट नंबर बारा मे.”

“आगं, जमीन हाय ती,” गेणबा म्हणाले, “तिचं काय लगीन काढलंय व्हय?”

सगळं केंद्र हसलं. केंद्रचालक तेवढा हसला नाही. दोन अर्ज चुकीच्या नंबराने गेल्यावर त्याने गौतमीला बजावलं, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हा घोळ मिटला नाही तर खुर्चीवर दुसरी मुलगी बसेल.

दुरुस्ती कैलासने ऑक्टोबरातच करून ठेवली होती. चार ओळींची. नवी आवृत्ती सोडायची चावीही त्याच्याकडेच. पण बहुमताशिवाय ती फिरवायची नाही असा नियम. आणि तो नियम, दुर्दैव बघा, त्यानेच लिहिलेला.

आडवा आला पाचांतलाच मनीष. बोलक्याचं सगळं काम एका कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवलेलं, आणि त्या संकेतस्थळाच्या आत काय चालतं ते कुणाला बघता येत नाही. “मुक्त वस्तू कुलूपबंद घरात ठेवायची? आधी बिऱ्हाड हलवा, मग आवृत्ती!” उद्या कंपनीने दार लावलं तर पाचही जण रस्त्यावर, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कैलासला चीड यायची ती त्याचीच.

जानेवारीत बैठक ठरली. व्हिडिओ कॉलही कंपनीचाच, म्हणून मनीष त्यात येईना. शेवटी त्याने साध्या फोनवरून बोलायचं आणि कैलासच्या बायकोने, शुभांगीने, तो फोन लॅपटॉपसमोर धरायचा असं ठरलं. दोन तास ती माउली मनीषचं तत्त्व हातात धरून बसली.

“भाऊजी, हा फोन कुठल्या मुक्त कारखान्यातला हो?” तिने मध्येच विचारलं.

“वहिनी, तो विषय आजच्या बैठकीत नाही.”

“माझा हात दुखतोय, हा विषय तरी घ्या.”

मतदान झालं. मनीषने बोलक्याच्या सगळ्या वापरणाऱ्यांना मेल पाठवली: ‘आधी बिऱ्हाड, मग आवृत्ती. निकाल ३/२.’ कैलास हरलेल्या दोघांत होता. बिऱ्हाड हलायला सहा महिने तरी लागणार होते. तो डोकं धरून बसला, तोच गौतमीचा फोन.

“दादा, लई बरं झालं! सायबांना सांगून बी टाकलं मी.”

“काय सांगितलंस?”

“मेल आली न्हवं? निकाल तीन फेब्रुवारी!”

कैलासने फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तीन फेब्रुवारीवर खूण केली.

तीन फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता त्याने चावी फिरवली. सोबत लिहिलं, ‘निकालात तारीख स्पष्ट आहे. शंका असेल त्याने बोलक्याकडून वाचून घ्यावं.’ मनीष नियमाचा पक्का. त्याने आधी नवी आवृत्ती घेतली, मग तिच्याकडून निकाल वाचून घेतला. “तीन बाय दोन,” नवा बोलका म्हणाला. कैलासचा एकमेव पुरावा त्याच्याच चार ओळींनी खाल्ला होता.

संध्याकाळी पुन्हा मतदान. कैलासकडची चावी काढून घ्यावी. आठ वर्षं सांभाळलेली चावी गेली. मेल सगळ्यांना गेली आणि माल्याहून फोन आला. मागून गेणबांचा आवाज येत होता, “बारा बाय पाच! आता कशी वळखली माझी जमीन!”

“दादा, खुर्ची राहिली माझी,” गौतमी म्हणाली. “पर ह्या मेलमधी ‘कैलास, चार बाय एक’ आसं लिवलंय. तुमचा गट नंबर का हो?”

“हो,” कैलास म्हणाला. “त्या गटात मी एकटाच आहे.”