पहिला मासा कुत्र्याचा

मासळी साफ करणाऱ्या माणसाच्या अंगाला खवलं कुठं ना कुठं चिकटून राहतंच. हात धुतले, अंघोळ केली, कपडे बदलले, तरी जेवताना कोपरावर एखादं चमकतं. आमच्या येलदरी धरणाच्या काठावरच्या कुत्र्यांच्या गोष्टींचं तसंच आहे. मी त्या मुद्दाम जमवल्या नाहीत, चिकटल्या. तसा मी फार बोलणारा माणूस नाही. सातवीतून शाळा सोडली आणि किसनमामाच्या होडीवर आलो. तिथं मामा बोलतो, मी जाळं ओढतो. पण चहाच्या टपरीवर कुणी कुत्र्याचा विषय काढला, की माझंही तोंड उघडतं!

आधी आमचा रिवाज सांगतो. जाळं काठावर आलं, की वजनकाट्यावर जायच्या आधी पहिला मासा कुत्र्याचा. कच्चा, डोक्यासकट, काट्यासकट. शिजवलेला काटा घशात मोडतो, कच्चा वाकतो. आणि कुत्र्यानं तोंड फिरवलं, तर त्या जाळ्यातलं आपणही खायचं नाही. बस्स, एवढाच कायदा.

*

धरणाच्या कॉलनीत एक ओव्हरसियर साहेब बदलून आले. त्यांच्याबरोबर रॉकी नावाचा अल्सेशियन. साहेबांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं, की कुत्र्याला घरी केलेलं कच्चं खाणं द्यावं. त्यासाठी जिंतूरहून मटण यायचं. नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद पडली, तसं मटणही बंद झालं. साहेब पिशवी घेऊन काठावर आले.

त्यांचा स्वयंपाकी गणपत कच्चा मासा बारीक कापायचा, वर कच्चं अंडं फोडायचा, गाजर किसून घालायचा आणि स्टीलच्या ताटात नीट मांडायचा. कॉलनीभर बोभाटा झाला, "साहेबाचं कुत्रं कोशिंबीर खायलंय!"

मामानं साहेबांना विचारलं, "तुमच्या पुस्तकात कच्चा मासा बी लिहिलाय का?"

"लिहिलाय ना. डोक्यासकट."

मामा माझ्याकडं वळला. "गजा, ऐकलंस का? तू शाळा सोडलीस अन् आपली कुत्री पुस्तकात गेली!"

*

धरणाच्या पाण्याखाली जी जमीन बुडाली, तिच्या नावानं आम्ही पाणी ओळखतो. खाली आमराई होती ते आंब्याचं पाणी. गाव होतं ते पांढरीचं पाणी. मसणवटा होता ते मसणवट्याचं पाणी. प्रत्येक होडीचं पाणी ठरलेलं. दुसऱ्याच्या पाण्यात जाळं टाकायचं नाही.

रॉकी सगळं खायचा. फक्त एखाद्या दिवशी ताटातले माशाचे तुकडे तोंडात धरून बागेत न्यायचा, खड्डा उकरायचा, ते आत ठेवायचा आणि नाकानं माती लोटून खड्डा बुजवायचा. गणपतनं ध्यानात ठेवलं. ते सगळे दिवस मसणवट्याच्या पाण्यातल्या माशांचे होते.

साहेब हसले. "अरे, कुत्री अन्न पुरतातच. नंतर उकरून खातात."

"व्हय साहेब. पण हे उकरीत न्हाई. बुजवून झालं की खड्ड्याला एक फेरी मारतंय अन् बसून राहतंय."

साहेब बागेत गेले. मोगऱ्याच्या पलीकडं मातीचे छोटे छोटे उंचवटे होते. एका रांगेत!

दुसऱ्या दिवशी साहेब काठावर आले. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "आजपासून आंब्याच्या पाण्यातला द्या."

*

मामाची कुत्री बिजली. अंगानं काळी, डोळ्यांवर दोन पिवळे ठिपके. एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं आणि पांढरीच्या पाण्यातून जुन्या गावाची जोती वर आली. भर दुपार होती. बिजलीला मासा टाकला. तिनं तो खाल्ला नाही, तोंडात धरला आणि चिखल तुडवत निघाली. आम्ही तिच्या मागं. एका जोत्यापाशी ती थांबली, दगडावर मासा ठेवला आणि बाजूला सरकून बसली. आता कुणीतरी आपल्याला टाकणार आहे, अशी.

मामानं जोत्याला हात लावला. "हे आमचं जोतं हाय. ह्या दगडापाशी माझा बाप जेवायच्या आधी कुत्र्याला भाकर टाकायचा. अन् आमचं कुत्रं तिथंच बसायचं, ती बसलीय तिथं."

मी म्हणालो, "मामा, बिजली तर धरण भरल्यावर जन्मली. तिनं हे गाव पाह्यलंच न्हाई."

"मी कुठं म्हनलो तिनं पाह्यलं म्हणून?"

तेवढ्यात बिजलीनं मान वर करून शेपटी हलवली आणि मासा खायला घेतला. वर कुणीच नव्हतं.

*

माझी बहीण पेडगावात दिली आहे. सासर माळकरी, घरात मासळीचं नाव काढायचं नाही. तरी तिनं हट्टानं बिजलीचं एक पिल्लू नेलं. त्याला तिथं दूधभाकर. पण पिल्लू दिसामासानं नुसतं फुगायला लागलं!

मग सासूला रोज सकाळी पिलाच्या गोणपाटावर खवलं सापडायला लागली. ओली. सासूनं घर डोक्यावर घेतलं, "माझ्या दारात मासळी आणायलीस!" बहिणीनं देवाची शपथ घेतली. शेवटी रडत रडत मामाकडं आली. आमच्याकडून पेडगावला जायचं म्हणजे एसटीनं अर्धा दिवस जातो.

मामानं सगळं ऐकून घेतलं. "खवलं कशाची हायत? कटल्याची का रोहूची?"

"कटल्याची, मामा."

मामानं बिजलीकडं पाहिलं. ती आमच्या पायाशीच झोपली होती. "मग फिकीर करू नगंस," तो म्हणाला. "आई हाय ती. लेकराला उपाशी ठेवायची न्हाई."

*

हा किस्सा जरा हसायचा आहे. माझं लग्न जमवायचं चाललं होतं. चुडाव्याहून मुलीचे वडील आमचं घर बघायला आले. मी नवा शर्ट घालून ओट्यावर बसलो, पायाच्या अंगठ्याकडं बघत. त्यांनी दोन-तीन गोष्टी विचारल्या. मी मान हलवली.

ते मामाला म्हणाले, "पोरगं बोलतंय का न्हाई?"

"बोलतंय की! फकस्त समोर कुणी नसलं पाह्यजे."

इतक्यात बिजली काठावरून आली. तोंडात हातभर लांब वांब, सापासारखी, अजून वळवळणारी. अंगणात एवढी माणसं होती, पण तिनं ती नेमकी पाहुण्यांच्या धोतरावर ठेवली आणि त्यांच्याकडं प्रेमानं बघत बसली. पाहुणे बाजेवर चढले!

मामा म्हणाला, "घाबरू नका पाव्हणं. आमच्यात पहिला मासा म्हंजी लय मान!"

पंधरवड्यानं निरोप आला. माणसांकडून नकार होता. कुत्रीकडून होकार होता!

*

एकदा ओढ्याच्या तोंडाशी मासे आपोआप तरंगत आले. जाळं टाकायचंही काम नाही, नुसते हातानं गोळा करायचे. काठावर ढीग लागला. सगळे खूश!

कुत्री आली. ढिगाभोवती गोल करून बसली. रोज एका शेपटीसाठी जिथं मारामाऱ्या चालतात, तिथं एक भुंकलं नाही, एक पुढं सरकलं नाही. आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं. एवढ्या ढिगावर एक माशीसुद्धा बसली नव्हती.

मामा म्हणाला, "वरच्या कपाशीवाल्यानं ओढ्यात एंड्रिन फवारायचा पंप धुतला असंल. पुरा सगळं."

सायकलवर मासळी विकणारा एक व्यापारी तिथं होता. तो हसला. "आता कुत्र्याला इचारून धंदा करायचा का?"

"नगं नेऊ, बाबा. ऐक माझं."

तो ऐकेना. आमचीच एक टोपली मागून घेतली, भरली, कॅरिअरला बांधली आणि निघाला. काठावरची सगळी कुत्री उठली आणि फाट्यापर्यंत त्याच्या मागं गेली. न भुंकता, खाली माना घालून.

पुढच्या बाजाराला तो आला नाही. त्याचा भाऊ आला. टोपली स्वच्छ धुऊन आणली होती. ती त्यानं काठावर पालथी ठेवली आणि परत गेला.

*

आता एक किस्सा राहिला. हा मी टपरीवर सांगत नाही.

मारोतीदादा आणि दिगंबर एकाच होडीवर होते. त्यांचं पाणी देवळाचं. तिथं खाली महादेवाचं देऊळ बुडालेलं आहे. मारोतीदादाच्या कुत्र्याचं नाव खंड्या. मासा हवेत उडवला की तो खाली पडू द्यायचा नाही, म्हणून पक्ष्याचं नाव ठेवलेलं.

एका सकाळी वारं सुटलं आणि दिगंबर एकटाच परत आला. भिजलेला, थरथरत. "होडी कलंडली. दादा जाळ्यात गुतला. म्या लय बुड्या मारल्या, घावलाच न्हाई." पोलीस आले. गळ टाकून देवळाचं पाणी ढवळलं. आम्ही सगळे उतरलो. जाळं सापडलं, कुठंही न फाटलेलं. मारोतीदादा सापडला नाही.

बरेच दिवस गेले. म्हातारी माणसं मारोतीदादाच्या बायकोकडं, कौसावहिनीकडं गेली. "पोरी, आता दिवस घालू. कुंकू उतरव."

वहिनी म्हणाली, "मढं दावा, मग उतरवते. तवर मी सवाशीण हाय."

बायकांना कळेना, हिला ओटी भरायला बोलवावं की नाही. काही जणी तिला बघून रस्ता बदलायला लागल्या. दिगंबरनं त्या दिवसापासून होडी काठावर पालथी घातली होती, पाण्यात उतरला नव्हता. वहिनीच्या घरी तो ज्वारी पाठवायचा, पण दुसऱ्याच्या हातून. स्वतः कधी तिच्या अंगणात गेला नाही. आम्ही म्हणायचो, केवढं मनाला लावून घेतलंय ह्यानं!

एक दिवस होड्या काठाला लागत होत्या, तेव्हा वहिनी खंड्याला घेऊन आली. "मामा, मला एकेका पाण्यातला एकेक मासा द्या," ती म्हणाली. "धन्याला खाल्लेला मासा माझा खंड्या खायचा न्हाई. त्यानं तोंड फिरवलं, की तुमच्यासमोर कुंकू पुसते."

शेवटी मामानंच पहिला मासा उचलून तिला दिला.

आंब्याच्या पाण्यातला मासा तिनं तळहातावर धरला. खंड्यानं खाल्ला. पांढरीच्या पाण्यातला खाल्ला. मसणवट्याच्या पाण्यातलाही खाल्ला. राहिलं देवळाचं पाणी. तिथं दिगंबरशिवाय कुणाचं जाळं पडत नव्हतं.

मामानं त्याला घरून बोलावून आणलं. आम्ही त्याची होडी सरळ केली. सोबतीला मी गेलो. जाळं ओढताना तो एकदाच म्हणाला, "गजा, कुत्र्याला खरंच कळतं का रं?"

मी जाळं ओढत राहिलो. जाळ्यात एक लहान रोहू आला. तो दिगंबरनंच काढला आणि काठ येईपर्यंत हातातून सोडला नाही.

सगळं गाव जमलं होतं. दिगंबर खंड्यापुढं वाकला. "खा, खंड्या. खा बाबा."

खंड्यानं वास घेतला. मग मान वळवली, मागं सरकला आणि वहिनीच्या पायांपुढं आडवा उभा राहिला.

बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीनं हंबरडा फोडला, "देवळाच्याच पाण्यात हाय गं मारोती!" दिगंबरनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मी त्याच्या शेजारीच होतो. खांद्यावरचं पोतं उतरवल्यावर माणूस सोडतो, तसा तो श्वास होता.

वहिनी रडली नाही. तिनं दिगंबरच्या हातातला तोच मासा घेतला, आपल्या तळहातावर ठेवला आणि खंड्यापुढं धरला.

खंड्यानं तो खाल्ला. डोक्यासकट, काट्यासकट. मग तिचा तळहात चाटून साफ केला.

रडणं थांबलं. वहिनी दिगंबरकडं बघत राहिली. मग पाण्याशी गेली, हात भिजवला आणि कपाळ पुसलं.

मामा धावला. "अगं, खाल्लं की त्यानं! सगळ्या पाण्यातलं खाल्लं! मग कुंकू का पुसलंस?"

"मामा," ती म्हणाली, "दिगंबरला म्हणावं, हात धू."

दिगंबर अजून तसाच उभा होता, रिकामा हात पुढं धरून.