अवसेच्या दिवशी काळी कोंबडी

भुसावळच्या पार्सल ऑफिसात मी रोज लोकांच्या पेट्या-टोपल्यांवर संशय घेतो. पगार त्याचाच मिळतो म्हणा ना. त्या दिवशी मात्र टोपली माझ्याच मांडीवर होती आणि संशय घेणारे बाकीचे होते. टोपलीत एक कोंबडा, एक कोंबडी. पिसे काळी, तुरा काळा, नख्या काळ्या, चोच उघडली तर जीभसुद्धा काळी. झाबुव्याकडच्या भिलांची ही जात. रतलामकडे जाणाऱ्या एका गार्डाच्या खनपटीला बसून मी ही जोडी मिळवली. मला असल्या नवलाच्या कोंबड्यांचा नादच आहे. उघड्या मानेच्या, उलट्या पिसांच्या अशा कितीतरी आमच्या क्वार्टरमागे नांदतात आणि त्यावरून घरात मला रोज बोलणी बसतात.

पण ही जोडी हौसेसाठी नव्हती. माझी धाकटी बहीण सखू मोताळ्याच्या पुढे दोन कोसांवरच्या खेड्यात दिली आहे. तिने निरोप धाडला होता, की दादा, येऊन मला घेऊन जा, आता या घरात राहवत नाही. दाजींना (बहिणीच्या नवऱ्याला) गेल्या सुगीत बैलाने मारले. मोडलेला पाय सांधला, जरा वाकडा राहिला इतकेच; पण माणूस ओसरीतल्या बाजेवरून उठेना. शेत चुलतभावाला बटईने (निम्म्या वाट्याने) दिले आणि पडल्या पडल्या एकच उद्योग धरला, संशय घेण्याचा. चुलतभाऊ कापूस लांबवतो, शेजारीण ज्वारी नेते, आणि सखूच तिला ती देते. कोणाचे डोके फिरणार नाही? मी ठरवले, न्यायची वेळ आली तर बहिणीला नेऊ. पण त्याआधी या माणसाच्या हाती काहीतरी जिवंत देऊन बघू.

मलकापूरला उतरलो. स्टेशनावरच्या शिपायाने टोपली उघडायला लावली, आत डोकावला, कोंबड्यानेही त्याच्याकडे डोकावून पाहिले, आणि शिपायाने आपण होऊन झाकण लावले. बाहेर जिनांचा (सरकी काढायच्या गिरण्यांचा) भोंगा, सरकीच्या पोत्यांच्या थप्प्या, जिकडेतिकडे उडणारा कापूस. आपल्या खानदेशासारखेच सगळे, फक्त माणसे बोलायला लागली की कळते आपण वऱ्हाडात आलो. मी एक रेंगी (हलकी बैलगाडी) ठरवली. मोताळ्याला बाजार होता. तिथे गरम भजी खाल्ली, गाडीवानालाही दिली, आणि तेवढ्यात त्याने टोपलीची फट वाकवून पाहिले. पुढच्या नाल्याशी त्याने बैल उभे केले.

"बाबू, आज अवस हाय. अवसेच्या दिवशी काळी कोंबडी घेऊन कुठी चाल्ले?"

अरे देवा! आम्हा रेल्वेच्या माणसांना टाइमटेबल पाठ, तिथी कोण बघतो? इकडे अवसेला काळी कोंबडी एकाच कामाला निघते, ती म्हणजे उतारा. आजाऱ्यावरून ओवाळायची आणि दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडून यायची. तिला जो हात लावेल, पीडा त्याच्या घरी. मी गाडीवानाला परोपरीने सांगितले, आधी भुसावळ, मग बहीण, मग रेल्वेची शपथ. त्याने माझे बोचके खाली ठेवले. टोपलीला काही हात लावला नाही.

उरलेली वाट पायी तुडवली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी), दक्षिणेला बुलढाण्याचा घाट निळसर दिसत होता; एरवी मी थांबून पाहिला असता. गावच्या वेशीत चार म्हातारे बसले होते. त्यांनी विचारले, कोणावरून ओवाळली? मी म्हटले, कोणावरूनच नाही, मी सखूचा भाऊ. झाले! तिचा नवरा बाजेवर पडलेला साऱ्या गावाला ठाऊक, त्यामुळे ही उताऱ्याचीच कोंबडी, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी मला वेशीतून येऊ दिले नाही. गावाला बाहेरून वळसा घालून, खळ्यांमागून, चोरासारखा मी बहिणीच्या परसात शिरलो.

सखू दारातच होती. तिने बोचके बांधून ठेवलेले होते. टोपली पाहून तिचे तोंड उतरले. बारा वर्षांत पुरती वऱ्हाडी झालेली आमची पोर म्हणाली, "तुले मले न्याले बोलावलं, अन् तू कोंबड्या घेऊन आला?"

ओसरीतून दाजींचा आवाज आला, "न्यालेच आला तो. कोंबड्या निमित्त हायेत."

माणूस बाजेवर पडून होता, पण निशाणा अचूक. मला खरेच लाज वाटली, कारण तो अगदीच खोटे बोलत नव्हता.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि बेसन (पिठल्याला इकडे बेसनच म्हणतात). जेवता जेवता मी जातीचे गुण सांगत होतो आणि दाजी माझे तोंड बघत होते. आमच्या घरात कोंबडी शिजते, पाळत नाहीत, असे त्यांनी सुनावले. ज्याला शेत नाही त्याने कोंबड्यांमागे धावावे. शिवाय फुकटात कोणी कोणाला काही देत नसते, त्यातून मेहुणा तर नाहीच नाही.

सकाळी कोंबडीने टोपलीत अंडे घातले. मी ते मोठ्या तोऱ्यात दाजींपुढे धरले. फिकट तपकिरी, कोणत्याही अंड्यासारखे अंडे. दाजींनी ते उजेडात फिरवले आणि म्हणाले की सगळे अंग काळे आणि अंडे तेवढे गोरे, हे बाजारातून आणून रात्री टोपलीत सरकवलेले आहे. मी संतापलो. भुसावळपासून काखेत अंडे घेऊन यायला मला वेड लागले होते काय? पण तोंडातून शब्द निघायच्या आधी एक गोष्ट दिसली. दाजी कोपरावर उठून बसले होते. मी राग गिळला आणि म्हटले, तुम्हीच राखण करा, मी टोपलीजवळ फिरकत नाही.

त्यांनी टोपली बाजेच्या पायाला बांधून घेतली. मी जवळून गेलो तरी डोळे बारीक करत. सखू झाडू मारायला आली तर तिच्याही ओच्याकडे नजर. सखू मला परसात नेऊन म्हणाली, पाहिलेस ना, असेच असते सगळे. मी तिला एवढेच म्हटले, की आठवडाभर थांब, नाही जमले तर आपण निघू.

मग एका सकाळी कोंबडी टोपलीतून निसटली आणि परस ओलांडून कडब्याच्या गंजीकडे गेली. मी मुद्दाम उठलो नाही. दाजींनी मला हाक मारली नाही. माझ्या हाती अंडे लागायला त्यांना नको होते. त्यांनी काठी घेतली, उंबरा ओलांडला आणि लंगडत लंगडत तिच्या मागे गेले. सखूच्या हातातली परात तशीच राहिली. बऱ्याच वेळाने दाजी परतले. धोतराच्या सोग्यात ऊन ऊन अंडे होते.

"हिचंच हाय," ते म्हणाले. "पण पिल्लं काळे निघतीन, याचा काय भरोसा?"

आता पंचाईत ही, की ही जात अंडी घालते पण उबवायला बसत नाही. शेजारणीकडे एक खुडूक कोंबडी (अंड्यांवर बसायला आलेली) होती. तीच शेजारीण, ज्वारीवाली! ती कोंबडी देणार तर सखूलाच, दाजींना नव्हे. दाजी माझ्याकडे बघून बोलू लागले, की फुकटचे मी घेत नाही, जोडी बटईने ठेवतो, पिल्ले वाढली की निम्मी तुमची. पण मी असा लंगडा. टोपलीत कोंडा घालणे, अंड्यांना कोळशाची खूण करणे, गडगडाटाने नासू नयेत म्हणून लोखंडी खिळा ठेवणे, हे बाईमाणसाच्या हातचे. ती गेली तर बटई मोडली.

सखू दारात उभी होती. ती म्हणाली, "हे तुमी दादाले काऊन सांगता? मले सांगा."

दाजी अंड्याकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "राह्य. वाटणी होईस्तोर तरी राह्य."

सखू उठली. शेजारणीकडे गेली आणि कोंबडी काखेत मारून आली. बोचके तिने उचलले नाही, पण सोडलेही नाही. ते कोपऱ्यात तसेच होते.

मी निघालो तेव्हा दाजी काठी टेकत वेशीपर्यंत आले. तेच म्हातारे तिथे होते. त्यांनी आधी दाजींच्या पायाकडे पाहिले, मग माझ्या रिकाम्या टोपलीकडे. काळी कोंबडी कामाला आली असाच त्यांनी अर्थ काढला असणार. दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाटणीले घाई करू नका, बाबू. पिल्लू लहान असलं तं नर-मादी कळत नाई."

भुसावळला येऊन मी पुन्हा लोकांच्या टोपल्यांवर संशय घेऊ लागलो. मलकापूरहून कापसाच्या गाठींबरोबर येणाऱ्या माणसाकडून कळले, की पिल्ले निघाली आणि काळी निघाली. मी निरोप धाडला, वाटणीला येऊ का? उत्तर आले, अजून नर-मादी कळत नाही. दिवाळीला विचारले, तेच उत्तर. संक्रांतीला विचारले, तेच. माझ्या अंदाजाने त्यातल्या कोंबड्या एव्हाना स्वतः अंडी घालत असतील आणि कोंबडे पहाटे गाव उठवत असतील. शेवटच्या निरोपाच्या मागे सखूनेही आपले दोन शब्द जोडले होते: दादा, खरंच कळत नाई.

मीही रजेचा अर्ज टाकलेला नाही.