‘दुखतं का?’ हा रकाना

त्या हिवाळ्याची वही अजून माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, आत पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, पाय डावा की उजवा, बिंदू, किती मिनिटं, आणि शेवटचा ‘दुखतं का?’. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. फ्रीझरमधल्या डब्यांचीसुद्धा यादी मी दाराला चिकटवून ठेवते. त्यामुळे सासूबाईंच्या पायांची वही केली, यात घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

सासूबाई नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, नोव्हाय गावी आल्या. त्यांचा विमा नव्हता. तेव्हा भारतातून येणाऱ्या कुणाच्याच आईवडिलांचा नसायचा. पहिल्याच जेवणाच्या वेळी माझे यजमान म्हणाले, ‘‘आई, इथे आजारी पडायचं नाही हं. तुझ्या व्हिसावर तसं लिहिलंय.’’

‘‘मग तुझ्या बायकोच्या हातचं बेतानंच जेवते,’’ त्या म्हणाल्या.

पण गुडघे दुखायचे, पोट साफ व्हायचं नाही, झोप लागायची नाही. डॉक्टरकडे न जाता करता येईल असं माझ्याजवळ एकच होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंकडून मी अ‍ॅक्युप्रेशर शिकले होते. डोकं दुखलं की अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग, गाडी लागली की मनगटाच्या आतल्या बाजूला, असं घरातल्या घरात बरं जमायचं. तळपायांचा मोठा तक्ता मी सासूबाईंनाच येताना आणायला सांगितला होता. तो त्यांच्याच खोलीत, देवांच्या वरच्या भिंतीवर, चार पितळी पिनांनी लावला.

नियम सोपा होता. प्रत्येक अवयवाचा तळपायावर एक बिंदू असतो. दाबल्यावर जिथे दुखतं, तिथल्या अवयवाची तक्रार. रोज दाबत गेलं की दुखणं कमी होतं, म्हणजे अवयव सुधारतोय. आम्हाला तसंच शिकवलं होतं आणि मला तो नियम फार आवडला होता, कारण तो रकान्यात मावत होता.

दुपारी चार वाजता मी पेन्सिल उलटी धरून खोडरबराच्या टोकाने बिंदू दाबायची. पहिल्या आठवड्यात त्या पाय ओढून घ्यायच्या. ‘‘मेले गं! सूड उगवतेस का कसला?’’ मी हसत हसत ‘खूप’ असं लिहायची. डिसेंबरात ‘थोडं’ आलं. नाताळच्या सुट्टीनंतर ओळीखाली ओळ ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. काकूंना फोन करून मी ती वाचूनही दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘छान हात आहे हं तुझा.’’

पाय मात्र गार पडत चालले होते. फ्रीजमधून काढलेल्या भाजीसारखे गार. मी ते थंडीवर ढकललं आणि मोज्यांवरूनच दाबायला लागले.

त्याच सुमारास सासूबाईंच्या सपाता घरभर सापडायला लागल्या. दोन्ही नाही, एकच. बेसमेंटच्या जिन्यात एक, फ्रीजसमोर एक, एकदा न्हाणीघराच्या दारात. त्या मात्र दुसऱ्या खोलीत एका पायात सपात आणि एका पायात नुसता मोजा अशा शांतपणे बसलेल्या असायच्या. विचारलं की खाली बघून म्हणायच्या, ‘‘अगंबाई, गळाली वाटतं.’’

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. एकदा ती ओट्याशी दूध पिताना दचकली, पेला कलंडला. सासूबाई तिच्या अगदी मागे उभ्या होत्या.

‘‘आई, आजी इज लाइक अ घोस्ट,’’ ती मला नंतर म्हणाली. ‘‘शी डझन्ट लुक ॲट अस. ती खाली बघते. पायांकडे. ऑल द टाइम.’’

‘‘असं बोलू नये आजीबद्दल,’’ मी म्हटलं. पण त्या दिवसापासून मीही बघायला लागले. त्या खरंच पायांकडे बघून चालायच्या. पाऊल उचलायच्या, टेकवायच्या, टेकलं का ते बघायच्या, मगच दुसरं. दुसऱ्याच कुणाचे पाय सांभाळून न्यायला दिल्यासारखे.

जानेवारीतल्या एका सोमवारी तक्त्याचा खालचा कोपरा सुटून लोंबायला लागला. पिन सापडली नाही. मी यादीत लिहिलं: ‘पिन शोधणे.’

त्या शुक्रवारी रात्रभर बर्फ पडून सकाळी उघडलं होतं. यजमान कामावर, मुलगी शाळेच्या बसने गेलेली. मी बेसमेंटमध्ये कपडे धुवायला लावून वर आले आणि मागच्या काचेच्या दारातून घराला लागून असलेल्या लाकडी डेककडे पाहिलं.

बर्फात पावलं होती. अनवाणी. पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. दारापासून कठड्यापर्यंत एक रांग, आणि तिच्याशेजारी अगदी तशीच दुसरी. दोन्ही रांगांची बोटं कठड्याकडे. बाहेर जाणारी पावलं दोनदा होती, आत येणारं एकही नव्हतं. कठड्यापाशी बर्फात एक खोल भोक पडलं होतं. त्यापुढे अंगण, पांढरं, न मोडलेलं.

दाराची कडी आतून लावलेली होती.

मी हिशेबी बाई आहे. पण हिशेब लागेना. उलट्या पावलांच्या बायकांच्या ज्या गोष्टी लहानपणी ऐकून मी पांघरुणात शिरायची, त्या सगळ्या एकदम त्या लख्ख उन्हात येऊन उभ्या राहिल्या. मग आणखी एक दिसलं. प्रत्येक डाव्या पावलाच्या टाचेत बारीक गुलाबी ठिपका होता.

‘‘आई!’’ मी हाक मारली. ओ लगेच आली, माझ्या मागून. त्या जेवणाच्या टेबलाशी बसून वाती वळत होत्या. हातात वात, शेजारी रिकामा तांब्या.

‘‘तुम्ही बाहेर गेला होता?’’

‘‘सूर्य दिसला गं आठ दिवसांनी. अर्घ्य दिलं.’’

‘‘पण परत आलेली पावलं नाहीत!’’

त्या हसल्या. ‘‘देवाला पाठ दाखवू नये. तशीच मागे मागे आले.’’

मला हसायला हवं होतं. ‘‘बर्फात? अनवाणी? पाय भाजले नाहीत गारठ्याने?’’

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. तोच शब्द, माझ्या शेवटच्या रकान्यातला. मग जरा थांबून, ‘‘जमीन लागतच नाही आताशा पायाला. बरंय, दुखत नाही. तुझ्या हाताचाच गुण.’’

मी त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. टाचेत, कातडीच्या पातळीत, चपटं पितळी डोकं चमकत होतं. तक्त्याची पिन. सोमवारपासून त्या तिच्यावर चालत होत्या, आणि मी चार दुपारी मोज्यावरून, तिच्यापासून दोन बोटांवर पेन्सिल दाबत होते.

‘‘डोळे मिटा,’’ मी म्हटलं. त्यांनी मिटले. मी अंगठ्याखालच्या बिंदूवर पेन्सिल टेकवली आणि सगळा जोर लावला. लाकूड करकरलं.

‘‘कर ना सुरू,’’ डोळे मिटूनच त्या म्हणाल्या.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि यजमानांना कामावर फोन केला. विम्याचं नाव न काढता ते वीस मिनिटांत घरी आले. दवाखान्यात रक्त तपासल्यावर साखर कळली, कित्येक वर्षांची. नसा मरत चालल्या होत्या. टाच आतून चिघळली होती आणि पहिले दहा दिवस पाय राहील की नाही, हे कुणी सांगेना. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘‘दुखत नाही असं त्या कधीपासून म्हणतात?’’ मी वही उघडून तारीख सांगितली. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पाय राहिला. जाण मात्र परत आली नाही.

एप्रिलमध्ये त्या परत जायच्या आदल्या आठवड्यात, चारच्या सुमाराला, त्यांनी आपणहून पाय माझ्यासमोर केला.

‘‘आई, त्याचा उपयोग नाही,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्हाला कळणारही नाही.’’

‘‘नाही कळत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तू दाबतेस ते दिसतं ना. तेवढा वेळ तो माझा वाटतो.’’

मी आधी टेबलावरचा दिवा जवळ घेऊन दोन्ही तळवे बोटाबोटाच्या मधून तपासले. मग हातानेच, हळू दाबत राहिले. त्या माझ्या हातांकडे टक लावून बघत होत्या. किती मिनिटं झाली, ते मी लिहिलं नाही.