राजा-राणीची जोडी

निजामाच्या राज्यात सिद्रामप्पा उमरग्याच्या बाजारात पत्त्यांचा खेळ करून पोट भरायचा. चार राजे, चार राण्या. लोकांनी कितीही वेळा पत्ते कापले तरी बदामच्या राजाला बदामचीच राणी, अशा जोड्या बरोबर जुळायच्या. हा खेळ त्यानं भोळेपणानं कल्याणप्पाला शिकवला. कल्याणप्पा सोयरिकी जुळवायचा.

एक दिवस सिद्रामप्पाला कळलं, की गावातल्या नागप्पाची तेरा वर्षांची लेक गुरव्वा पन्नाशीच्या बिजवराला देतायत. नागप्पा कां-कूं करत होता, तेव्हा कल्याणप्पानं त्याच्याच हातानं पत्ते कापून घेतले आणि जुळलेल्या जोड्या दाखवून म्हणाला, "बघा, देवाचीच मर्जी हाय!"

सिद्रामप्पाच्या अंगाची लाही लाही झाली. ऐन सुपारी फुटायच्या वेळी तो बैठकीत घुसला.

"लाज न्हाय वाटत, कल्याणप्पा? माझ्या खेळानं लेकराचा गळा कापतोस?"

त्यानं सगळ्यांसमोर पत्ते मांडले. "वर चार राजे, खाली त्याच क्रमानं राण्या. कापल्यानं क्रम मोडत न्हाय. वरचे चार इकडं घ्या, खालचे चार तिकडं, अन् दोन्हीकडचा एकेक पत्ता उलटत जा. यात देव कुठं हाय?"

नागप्पानं तीनदा कापून बघितलं. जोड्या जुळल्याच. त्यानं सुपारीचं ताट परत ढकललं.

"आता खाशील काय?" कल्याणप्पा दात-ओठ खात म्हणाला.

"माती खाईन!"

पुढच्या बाजारी त्याच्या खेळापुढं कुणी थांबेना. सिद्रामप्पा हमालीला लागला. पण कल्याणप्पा दिसला, की पाठीवरचं पोतं खाली ठेवून त्याला मनसोक्त शिव्या घालायचा, मगच पुढं जायचा.